मागचं जोडीदाराचं

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू एवढं सगळं बोललीस आणि मी नुसतं हं, हं करत राहिलो. शेवटी तू विचारलंस, काका, रागावलात का माझ्यावर, आणि मी फोनच ठेवून दिला. अगं, रागावलो नव्हतो. रडू येत होतं, आणि म्हाताऱ्या माणसाने फोनवर रडू नये. पलीकडच्याला वाटतं, आता याचंही काहीतरी झालं. म्हणून हे पत्र. अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. जन्मभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले आणि आता स्वतःचंच लिहिलेलं वाचायला कागदाला नाक लावावं लागतं.

बाबांना पुढच्या आठवड्यात शुश्रूषागृहात न्यायचं तू ठरवलंयस. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, आणि कुणी नातेवाईक म्हणालाच तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवून दे. त्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हापासून तू काय काय काढलंयस ते मी बघतोय. आधी घराचा पत्ता गेला, मग तुझ्या आईचं जाणं विसरले, मग तूच त्यांची कोण हे विसरले. तेही तू पचवलंस. पण या सकाळींनी तुला पार टेकीला आणलं. अंघोळ झाली, कपडे झाले, की पलंगाच्या पायथ्याशी जायचं, भिंतीकडे तोंड करायचं, हात मांडीला चिकटवायचे आणि उभं राहायचं. बसा म्हटलं तर बसायचं नाही. चहा गार होतो, पाय सुजतात. सांभाळायला येणाऱ्या मावशींनी दंडाला धरून ओढलं तर त्यांना ढकलून दिलं, आणि त्या बिचाऱ्या कपाटावर आपटल्या. शेवटी पाय थरथरायला लागले की पलंगावर कोसळायचं आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचाच भाग आहे, त्याला काही अर्थ नसतो.

ठकू, त्याला अर्थ आहे. तो सांगायला थोडं मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

सैनिकी शाळेत आम्ही दोघं आलो तेव्हा नाक पुसायचंही वय नव्हतं. तुझे बाबा तेव्हापासूनच असे ताठ, म्हणून त्यांचं नाव पडलं खांब्या. मी काडीपैलवान, म्हणून मी सुतळी. बराकीत आमचे पलंग शेजारी आले एवढ्याच कारणाने आम्ही एकमेकांचे जोडीदार झालो. तिथे जोडीदार म्हणजे नुसता मित्र नव्हे. रोज सकाळी मैदानावर जाण्याआधी तपासणी असायची, आणि तिचा एक नियम होता: पुढचं तुझं, मागचं जोडीदाराचं. बक्कल चकचकीत नसेल, बूट मळके असतील तर शिक्षा तुला. पण पाठीमागे कॉलर उलटी असेल, पट्ट्याला पीळ पडला असेल, शर्टाचा फुगा झाला असेल, तर शिक्षा तुझ्या जोडीदाराला. तू आरामात नाश्त्याला जायचं आणि त्याने बंदूक डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायच्या. आमच्या कवायतमास्तरांचा आवाज असा, की आम्ही त्यांना भोंगा म्हणायचो. ते म्हणायचे, स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही, ती दुसऱ्याच्या हवाली करायला शिका.

म्हणून बराकीत रोज हे चालायचं. बोलायला बंदी. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्याने मागून कॉलर बसवायची, खांद्यावरून शिवण सरळ करायची, चुण्या मागे ओढायच्या, पट्ट्यातला पीळ काढायचा, आणि सगळं ठीक असलं की दोन खांद्यांच्या मधोमध दोनदा थाप द्यायची. थाप मिळेपर्यंत हलायचं नाही. मिळाली की वळायचं, आणि मग दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. पहिल्या महिन्यात माझ्या वेंधळेपणापायी मीच किती चकरा मारल्या ते विचारू नकोस. तुझे बाबा माझी पाठ बघायचे ती मात्र नक्षी काढल्यासारखी. त्यांच्यावर चकरा मारायची वेळ माझ्यामुळे कधी आली नाही, आणि त्याचं श्रेय माझं मुळीच नाही.

एक सकाळ तुला सांगायची राहिली होती. तुझी आजी गेल्याचं कळवायला त्यांना कचेरीत बोलावलं. परत आले ते बॅग भरायला. दुपारच्या गाडीने त्यांना घरी पाठवणार होते, तपासणीला उभं राहायची काही गरज नव्हती. तरी ते रोजच्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण ते उभे राहिले नसते तर माझी पाठ कोण बघणार होतं? मी कॉलरला हात लावला आणि मला कळलं, पाठ हलतेय. आवाज नाही, काही नाही, नुसती पाठ. मी काय करणार? मला तरी कुठे काही येत होतं? बसलेली कॉलर मी पुन्हा बसवली, सरळ शिवण पुन्हा सरळ केली, पट्टा सोडून पुन्हा बांधला. पाठ हलायची थांबली तेव्हा दोन थापा दिल्या. ते वळले तर चेहरा कोरडा. मग त्यांनी माझी पाठ बघितली, आणि त्या दिवशीही माझ्या पट्ट्यातला पीळ त्यांनी काढलाच.

पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि मला सैन्यात घेतलं नाही. ते गेले, मोठे झाले, छातीवर पदकं आली. मी दुकानात काचा घासत बसलो. तुझी आई गेली तेव्हा तू मला म्हणाली होतीस, बाबांच्या डोळ्यांत टिपूस नाही, हा माणूस दगडाचा आहे. तू बाहेरच्या खोलीत माणसांना सांभाळत होतीस. आत काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे गेलो आणि त्यांची कॉलर नीट करत बसलो, खूप वेळ. मग ते बाहेर आले ते तू पाहिलंस, कोरडेच आले.

आता गेल्या रविवारचं. तू औषधं आणायला गेलीस, मावशी यायच्या होत्या, घरात आम्ही दोघंच. त्याआधी त्यांनी मला तुम्ही कोण, कुणाकडे आलात, असं अगदी अदबीने विचारलं होतं. एवढ्या वर्षांच्या सोबतीनंतर ते ऐकणं काय असतं हे मी तुला वेगळं सांगायला नको. मग ते उठले आणि पायथ्याशी जाऊन उभे राहिले. तू सांगत होतीस ते मी ऐकून होतो, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितलं, आणि दारातच ओळखलं. अगं, खांब्या माझी वाट बघत होता. रोज सकाळी तो जोडीदाराची वाट बघत उभा असतो, आणि जोडीदार येत नाही.

मी जाऊन कॉलर बसवली, शर्ट मागे ओढला, दोन थापा दिल्या. लगेच वळले. बसतील असं वाटलं, पण बसले नाहीत. माझ्याकडे बघत थांबले. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला आणि मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा हात आला माझ्या मानेशी. काम तेच, त्याच क्रमाने. शर्टाचा फुगा सापडल्यावर नाकाने फुस्स केलं, अगदी तेव्हासारखं. दोन थापा दिल्या, पलंगावर बसले आणि चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? तू आलीस तेव्हा ते बिस्किट खात होते आणि मी डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगत होतो. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं.

शुश्रूषागृहातल्या माणसांना हे नीट समजावून दे. नुसती पाठ थोपटून भागणार नाही, आपलीही पाठ द्यावी लागते, हे मुद्दाम सांग. पण हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. परवा फोन ठेवण्याआधी तू एक वाक्य बोललीस, त्याने मला झोपू दिलं नाही. तू म्हणालीस, काका, या माणसाने जन्मात एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, आणि आता सोडून येताना मीच अपराधी. म्हणून सांगतो ठकू, त्यांना नेण्याआधी एका सकाळी मावशींना उशिरा यायला सांग. त्यांची पाठ बघ, सावकाश बघ, दोन थापा दे. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहा. येईल तो हात तुझ्यासाठी नसेल, त्यांना वाटेल सुतळीच उभा आहे. तरी तू घे. हलू नकोस, वळून बघू नकोस. आणि रडू आलं तर येऊ दे. समोर फक्त भिंत असते.

तुझाच,
सुतळीकाका