जन्मभर टिकणारं नाव

कल्याण, वैशाख १९५३
गुरुवार, संध्याकाळ

आज आईबरोबर जाऊन रुखवतातल्या तांब्यावर नाव घालून आणलं. कासाराने ठोकून ठोकून 'कमल' कोरलं आणि म्हणाला, "जन्मभर जाणार नाही, ताई." जन्मभर! पुढच्या आठवड्यात लग्नात माझं नावच बदलणार. मग जन्मभर कुणाचं? तांब्याचं?

घरी आल्यावर आईचा जुना तांब्या उचलून पाहिला. त्यावर 'द्वारका'. मला आपलं वाटायचं, कुणी आत्या असेल.

"अगं, मीच ती. लग्नात सरस्वती झाले," आई म्हणाली. "आता कोण म्हणतंय द्वारका!"

दिवेलागण झाली. आई आत पोळ्या लाटत होती. त्या अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता मी सहज हाक मारली, "द्वारके..."

"ओ!" आतून आईचा आवाज आला. लगेच, माहेरी असल्यासारखा.