जोडीचा अभ्रा

८ सप्टें., सोम.
तीन आठवडे वही उघडली नाही. रोज "उद्या". मिरजेहून निघाले ती रामेश्वरला जायला. कुंभकोणमला गाडी बदलायला उतरले आणि इथल्या शिवणकाम करणाऱ्या कावेरीअक्काकडे अडकले. (पुढे नुसतं अ.) तिने मागची खोली दिली. "शिवतां येतें?" "येतं." खोटं. दुसऱ्याच दिवशी कळलं तिला.

नवरात्रात इथले तंजावरी मराठी लोक भजनमठात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. वरचं तोरण दरवर्षी अ. शिवते. एकेका घरातून एकेक जुना कपडा: चादर, पडदा, टॉवेल, वेष्टी म्हणजे इथलं धोतर. त्याचे पोपट आणि आंब्याची पानं. कोरं कापड वर्ज्य. "ज्यावर कोणी निजलें नाहीं, तें घराचें कसें?"

१३ सप्टें., शनि.
अ.ने सहा घरं सांगितली. पाच केली. सहाव्याच्या वाटेवर नाच्चियारकोविल गावचा एक समईवाला चिंच लावून समया घासत बसलेला. अशी काही चमकत होती एकेक! बघत राहिले, मग गल्ली चुकले. एका दारावर मराठी आडनाव दिसलं, शिरले.

आत जमिनीवर दिवा. भर दुपारी. वाटलं, किती भाविक. बाई एकट्याच, जमुनाबाई. म्हटलं, देवीच्या तोरणाला जुनं काही द्या. त्यांनी दिव्याची वात पुढे सारली. मग उठून उशीचा अभ्रा आणला. जांभळी फुलं, हाताने भरलेली.
"खरेंच लावाल?"
"वचन," म्हटलं. अशी वचनं मी पुष्कळ वाटते.

१६ सप्टें., मंगळ.
जांभळ्या अभ्र्याचे दोन पोपट झाले. मधोमध डोक्याच्या तेलाचा डाग होता. अ. म्हणाली, "डाग पोटाकडे घे, फुलें पाठीवर." काजटाका आता जमतो मला. घरोघरून आलेले कपडे कुणाचे, हे ती कधी विचारत नाही. मीही सांगितलं नाही. सहावं घर राहिलंच.

१८ सप्टें., गुरु.
रागाने लिहितेय.
सेतुराव आले, मठाचे सेक्रेटरी. तोरण बघायला. पोपट उचलून म्हणाले, "हीं फुलें कोणाचीं?" मी ऐटीत जमुनाबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी पोपट टाकला. टाकला! निखारा असावा तसा.

जमुनाबाईंचे यजमान दहा तारखेला गेले. तो दिवा त्यांचा. आपल्याकडेही ठेवतात की असा दिवा, मला कळू नये?
"सुतकाचें कापड देवीवर? तेरावा आणि घट एकाच दिवशीं येतात!" म्हणे, पोपट काढा, नाहीतर यंदा बाजारातली सॅटिनची झालर लावतो.
"मला माहीत नव्हतं."
"तुझें काय, पोरी. आज येथें, उद्यां रामेश्वरास."
हे झोंबलं. खरं आहे म्हणून जास्त.

आणि अ.ने नंतर सांगितलं ते ऐकून तर... जमुनाबाईंचे यजमान मठात मृदंग वाजवायचे. तीस वर्षं! त्यांच्या ठेक्यावर सेतुराव डोळे मिटून भजन म्हणणार, आणि त्यांची उशी मात्र चालत नाही. उशीनं काय घोडं मारलंय?

१९ सप्टें., शुक्र.
भांडले अ.शी. "तुम्हीच म्हणालात, ज्यावर कुणी निजलं..."
"निजलें म्हणालें. मेलें नाहीं म्हणालें."
"मी वचन दिलंय."
"तूं दिलेंस. मला विचारून?" मग हळू आवाजात, "एकदां सॅटिन चढलें कीं माझें तोरण पुन्हां चढायचें नाहीं, अगे. कोणाला वाट बघायची आहे जुन्याची?"

जेवले नाही. (नंतर दोन दोसे खाल्ले.) बस धरून जवळच्या साक्कोट्टै गावाला गेले, देवळाच्या भिंतीला टेकून बसले. तिथून सरळ रामेश्वर गाठावं असं वाटलं. पिशवी बरोबर नव्हती. असती तर गेले असते? गेले असते. म्हणूनच चीड येते.

२० सप्टें., शनि.
सकाळी अ. तोरण मांडीवर घेऊन ओट्यावर बसली, हातात ब्लेड. पोपट एकमेकांना चोच-शेपटीने जोडलेले. एक काढला की शेजारचेही लोंबतात. पहिला निघाला. मग ब्लेड माझ्यापुढे केलं. "दुसरा तूं उसव. मला दिसत नाहीं." सुईत दोरा मी अजून तिच्याकडून ओवून घेते! मी ब्लेड घेतलं नाही. वही घेतली. ती उसवतेय, मी समोर बसून हे लिहितेय. दुसऱ्याची चोच सुटली. शेपूट बाकी.

कुणीतरी आलंय. पायरीखाली.
जमुनाबाई. तेरावा व्हायच्या आत, उन्हात, चालत. या दिवसांत त्या उंबरा ओलांडायच्या नाहीत म्हणून सेतुराव ठणकावून गेले होते. पायरी चढत नाहीत. हातात घडी केलेला अभ्रा, तशाच जांभळ्या फुलांचा.
"जोडीचा आहे. हा माझा. त्यांचा एकटा नको तेथें."

पहिला पोपट अ.च्या पायाशी पडलाय, उताणा. जमुनाबाईंना तो दिसतोय की नाही, कळत नाही. अ.चं ब्लेड शेपटीत तसंच अडकलंय. ती "ये" म्हणाली नाही अजून. "जा"ही नाही.