टर्की बाथटबमध्ये आहे

अद्वय,

टर्की बाथटबमध्ये आहे. काल फ्रिजमध्ये दह्याशेजारी तो सोललेला अख्खा पक्षी मला बघवेना, म्हणून ती मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. बाहेर राहिली की बर्फ सुटेल, असं आपलं पुण्याच्या हिशेबाने वाटलं. सकाळी पाहते तर दगड! तुम्ही दोघं ओर्लाच्या आईवडिलांना आणायला गेलात, तेव्हा ती टबात घालून गरम पाणी सोडलं. आता कातडी पांढरी पडलीय आणि आत अजून बर्फच आहे. आज नाताळ, सगळी दुकानं बंद, दुसरी मिळायची नाही. चुकलंच माझं. पण मुद्दाम नाही केलं, एवढं ओर्लाला सांग. जन्मात अंड्याला हात लावला नाही, आणि ही दोन्ही हातांनी उचलली.

बटाट्याची भाजी आणि वरण-भात झाकून ठेवलाय. कणीक मळलेली आहे, पुऱ्या तेवढ्या तळून घ्या.

मी नदीकडे फिरायला जातेय. पाहुण्यांना सोडायला तुमची गाडी दारातून हलली की येईन. त्यांनी विचारलंच, तर आई बाहेर गेलीय म्हण. मागच्या वेळेसारखं ‘आईला बरं नाही, झोपलीय’ असं सांगू नकोस. तेव्हा मी जिन्यातच उभी होते, नवी साडी नेसून.

आई