एकाच फवारणीत

२ डिसेंबर १९८६, मंगळवार
आज आलं: गवत मारायचं औषध, पाच लिटरचा डबा, १८० डॉलर. फवाऱ्याच्या झाकणाचं रबर, २.१०. चष्म्याची दोरी, ०.८५.
परत पाठवलं: औषधात मिसळायचं तेल, २४ डॉलर. तेल ते तेल. घरात आहे.
दुकानातला नोएल म्हणाला, बाई, गवत तीन-चार पानांचं असतानाच मारा, मोठं झालं की ऐकत नाही, आणि आधी लेबल वाचा. मी म्हटलं, नोएल, मी मॅट्रिक आहे, आणि रसायनशास्त्रात मला बक्षीस होतं. तो म्हणाला, हो, तुम्ही मागेही सांगितलंत.
लेबल म्हणजे चांगली बारा पानी पुस्तिका. कागद जाड. चमच्यांच्या खणात खाली अंथरली. बरोबर बसली.

५ डिसेंबर, शुक्रवार
समोरच्या वावरात भुईमूग सुरेख उगवलाय. क्लेमने पेरला आणि त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरवरून उतरताना पडून कंबरेचं हाड मोडून घेतलं. आता तो ब्रिस्बेनच्या इस्पितळात, मी इथे. त्याचा भाऊ मर्व फाटकाशी गाडी थांबवून म्हणाला, वहिनी, हे तुमच्याच्यानं होणार नाही. एप्रिलात शेंगा निघाल्या तर वावर तुमचं. नाहीतर माझी गुरं सोडतो, आणि तुम्ही दोघं गावातल्या फ्लॅटमध्ये राहायला जा. क्लेमनेही फोनवर हो म्हटलंय म्हणे. औषधाच्या गुंगीत म्हटलं असेल.
ओळींमध्ये गवत दिसू लागलं. दोन-तीन पानं. पण अजून सगळं कुठे आलंय? आज मारलं तर उद्या उगवणारं वाचेल, मग दुसरी फवारणी, दुप्पट डिझेल.
संकल्प: सगळं गवत वर येऊ द्यायचं. मग एकाच फवारणीत निकाल.

१४ डिसेंबर, रविवार
वारा अजिबात नाही, फवारणीला उत्तम. झाडाचं पान हलत नव्हतं. पण प्रभूचा दिवस. सोमवार ते शनिवार वारा सुटतो आणि रविवारी पडतो, हे गेले दोन आठवडे पाहतेय. परीक्षा आहे. मी डगमगणार नाही.
उपासनेनंतर बेरिल म्हणाली, इर्मा, शनिवारी आम्ही चर्चच्या महिला मंडळाच्या दहाजणी कुदळी घेऊन येतो, आपल्या आया खणायच्या तसं खणून टाकू. मी म्हटलं, बेरिल, तो जमाना गेला, आता विज्ञान आहे. ती म्हणाली, विज्ञानाला सांग जरा घाई कर, माझ्या स्वयंपाकघरातून तुझं गवत दिसतं.
मत्सर. तिच्यासाठी प्रार्थना केली.

२० डिसेंबर, शनिवार
चर्चच्या नाताळ जेवणात बटाट्याच्या चिप्स तळल्या. उरलेलं तेल लोक फेकायला निघाले होते. दोन बादल्या घरी आणल्या, जुन्या स्टॉकिंगमधून गाळल्या. चोवीस डॉलर वाचले. पास्टर म्हणाले, इर्माबाई, काहीच वाया जाऊ देत नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले.
गवत घोट्याच्या वर. म्हणजे बहुतेक सगळं उगवून झालं.

२९ डिसेंबर, सोमवार, सकाळी ५.३०
वारा थोडाच आहे. आज मारतेच. औषधाचं माप निम्मं करणार. कंपन्या खप वाढावा म्हणून दुप्पट लिहितात, हे उघड आहे.

त्याच दिवशी, दुपारी
तेल पाण्यावर तरंगत राहिलं. म्हणून भांडी घासायचं लिक्विड ओतलं. रसायनशास्त्राप्रमाणे हेच बरोबर. मग फवाऱ्यातून फेस आला. टाकीतून, झाकणातून, ट्रॅक्टरच्या सीटखालून. सात नोझलपैकी चार बटाट्याच्या चुऱ्याने बंद. उरलेल्या तिन्हींनी काम उत्तम केलं.
सगळ्या वावराला चिप्सचा वास. मर्व कुंपणाशी येऊन हुंगत म्हणाला, वहिनी, गवत मारताय की तळताय? मीठ आणू का?
मी पुढची ओळ धरली.

६ जानेवारी १९८७, मंगळवार
गवताचे शेंडे पिवळे! गुडघे टेकून आभार मानले. मग क्लेमला पत्र: गवत मेलं, वावर स्वच्छ, तू फक्त चालायला शीक.
मर्व म्हणतो, पाऊस नाही म्हणून पिवळं पडलंय, माझ्या कुरणातलंही पडलंय, मी काय फवारलं? काही माणसांना विश्वासच नसतो.

२५ जानेवारी, रविवार
पाऊस. टाक्या भरल्या. देवाची कृपा.

३ फेब्रुवारी, मंगळवार
गवत हिरवं झालंय. गुडघ्याच्या वर. भुईमूग दिसतो, पण वाकून पाहिलं तर.
उरलेलं औषध पूर्ण मापाने मारलं, तेलाशिवाय, लिक्विडशिवाय. नोएलला विचारायला गेले नाही, कारण त्याच्या तोंडावर ‘सांगितलं होतं ना’ दिसलं असतं.
क्लेमला लिहिलं: पीक दाट आहे. खोटं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
काही मेलं नाही. अभिमान गिळून बेरिलला म्हटलं, त्या कुदळी आहेत ना अजून? ती आली, एक मूठ गवत ओढून दाखवलं. मुळांच्या जाळ्यात भुईमुगाच्या आऱ्या, आऱ्यांना इवल्या शेंगा, सगळंच वर आलं. म्हणाली, आता हात लावलास तर गवताबरोबर पीकही उपटशील गं. डिसेंबरात का नाही हो म्हणालीस? मग माझा हात धरून उभी राहिली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
संकल्प: आशा सोडायची नाही. जमिनीखाली काय आहे ते कुणी पाहिलंय?

१४ मार्च, शनिवार
क्लेम घरी आला. दोन काठ्यांवर. मी त्याची खुर्ची मुद्दाम मागच्या अंगणाकडे, कोंबड्यांकडे तोंड करून ठेवली होती. त्याने ती पुढच्या व्हरांड्यात मागितली.
काठ्या बाजूला ठेवून वावर न्याहाळलं. मग म्हणाला, इर्मा, मी पेरलं होतं ते शेंगदाण्याचं बी होतं ना?
मी म्हटलं, खाली शेंगा आहेत. तो म्हणाला, असतील गं. चहा कर.
चहा घेताना म्हणाला की इस्पितळात माझी पत्रं तो शेजारच्या खाटेवरच्यांना वाचून दाखवायचा. सगळ्यांना या वर्षीच्या पिकाचं कौतुक होतं.

७ एप्रिल, मंगळवार
काढणी. मशीनवाला पहिल्या ओळीच्या अर्ध्यातच उतरला. पात्यांना दोरखंडासारखं गवत गुंडाळलेलं. कापून काढलं, पुन्हा सुरू. वेल वर आले, शेंगा तुटून लाल मातीत राहिल्या. तो म्हणाला, बाई, माझं डिझेल आणि तुमचा जीव कशाला जाळायचा? पैसे घेतले नाहीत.
संध्याकाळी पांढरे काकाकुवे उतरले. शेकड्याने. त्यांना खालच्या शेंगा बरोबर सापडतात. म्हणजे होत्या. हे मी क्लेमला दाखवलं. तो म्हणाला, हो, तुझं खरं होतं.

१० एप्रिल, शुक्रवार
क्लेमने मर्वला बोलावून वावर दिलं. मर्व एकदाही हसला नाही. म्हणाला, वहिनी, असं कुरण आख्ख्या तालुक्यात नाही. भाडं नीट देईन, फ्लॅटचं त्यातून भागेल. फक्त एक सांगा, त्या औषधाच्या लेबलवर चाऱ्याबद्दल काय लिहिलंय?
चमचे काढले. खण काढला. पान नऊ, ठळक अक्षरांत: फवारलेलं पीक किंवा त्यातलं गवत जनावरांना चारू नये.
मर्व टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला की कंपनीकडून खात्री होईपर्यंत मी गुरंही सोडत नाही आणि भाडंही देत नाही. बरोबरच आहे त्याचं. पान तीनवर तेलाबद्दल होतं. वाचलं नाही.

११ एप्रिल, शनिवार
औषध कंपनीला पत्र पाठवलं. नक्कल इथे ठेवते.
महोदय, आपलं औषध मी समोरच्या वावरात दोनदा मारलं. पहिल्यांदा निम्म्या मापाने, तळणीच्या तेलात. दुसऱ्यांदा पूर्ण मापाने, पण फार उशिरा. चूक आपली नाही, हे मी मॅट्रिक असल्याने समजते. भुईमूग गेला. गवताला काही झालेलं नाही, ते कमरेपर्यंत आहे आणि तजेलदार आहे. दिराची चाळीस गुरं फाटकाबाहेर उभी आहेत आणि आमचं सामान खोक्यांत भरून झालं आहे. तरी ज्या औषधाने गवताला काहीच झालं नाही, त्याने गाईला काही होईल का, एवढंच कृपया उलट टपाली कळवावे. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं आहे.