आत दुमडलेलं कापड

४ मार्च

दुकान उघडलं! मशीनवर धूळ साचली होती, ती आधी पुसली. मग बसलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पोटाला पिशवी लावलेली, तिच्यावर शर्ट, शर्ट पँटच्या बाहेर. लोकांना जन्मभर सांगत आलो – साहेब, शर्ट खोचा, कंबर उठून दिसते. आता माझाच बाहेर.

डॉक्टरांनी आतड्याचा खराब तुकडा काढलाय. उरलेलं बरं होईपर्यंत पोटावरूनच बाहेर वाट काढून दिलीय. वजन भरलं की पुन्हा आत जोडणार, मग पिशवी जाईल. तोवर खा म्हणाले. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, चावून चावून. सांगायला काय जातंय!

७ मार्च

नाचक्की! बँकेतल्या साहेबांच्या कोटाची ट्रायल होती. मी खाली बसून टाचण्या लावतोय आणि पोट बोललं. बारीक नाही, चांगलं गुरगुरलं. साहेब टेबलाखाली वाकून बघायला लागले – मांजर आहे का? हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ही दुपारी डबा ठेवून गेली. मऊ भात, उकडलेला बटाटा, दही. नंतर खातो म्हटलं आणि खाल्लं नाही. पोटात गेलंच नाही तर बोलणार काय आणि बाहेर येणार काय? साधा हिशेब. डबा मागच्या गल्लीतल्या कुत्र्याला घातला.

८ मार्च

दिवसभर फक्त पाणी. पिशवी हलकी. आवाज नाही – म्हणजे झाला, पण गिऱ्हाईक नव्हतं.

१५ मार्च

पँट ढिली झालीय. हिच्या लक्षात आलं तर माझी धडगत नाही. दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं, कंबर उसवली, कापड आत दुमडलं, पुन्हा टीप मारली. शर्टाच्या बाजूही घेतल्या. घरी हिच्यासमोर मुद्दाम ताठ उभा राहिलो. ही बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, कपडे अगदी अंगासरसे बसतायत, अंग धरलंय म्हणायचं! शिंपी असल्याचा असा फायदा आजवर झाला नव्हता.

हिने माझ्या पेटीतलं एक रीळ नेलं. अंगठी सैल होते, दोरा गुंडाळायचाय म्हणाली. नेऊ दे.

२४ मार्च

पँट पुन्हा कमरेत घेतली. मागचे दोन्ही खिसे आता एकमेकांना टेकायला आलेत.

संध्याकाळी घरी मात्र सुटका नाही. ही समोर बसते आणि माझा घास न् घास बघते. स्वतः नंतर जेवते म्हणते. हिचं नेहमीचंच.

२ एप्रिल

दवाखाना. वजनकाट्याला शिवणकाम कुठे कळतं! डॉक्टरांनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "या अंगावर मी पुन्हा सुरी चालवणार नाही," एवढंच म्हणाले. जोडणी लांबली.

आहाराच्या बाईंकडे पाठवलं. दुपारी काय खाता, म्हणाल्या. ही शेजारी बसलेली. खोटं बोलवेना. सांगून टाकलं – गिऱ्हाइकासमोर पोट वाजतं, म्हणून खातच नाही.

बाई हसल्या नाहीत. "उपाशी पोटच जास्त वाजतं," म्हणाल्या. "आतडं रिकामं राहिलं की त्यात वारा भरतो. थोडं थोडं खात राहा, शांत होईल." नुसतं पाणी पिऊ नका, मीठ कमी पडेल म्हणाल्या. केळं, अंडं, भात, पाव चालेल. साली आणि बिया सध्या नकोत.

म्हणजे ते मांजर मीच पाळलं होतं.

घरी आल्यावर हिने माझी पँट उलटी केली आणि आत दुमडलेलं कापड हातात घेऊन बसली. मग कात्रीने एकेक टाका उसवला. "आता ही भरा," म्हणाली. मला रडू आलं. तिच्यासमोरच रडलो.

३ एप्रिल

उसवलेली पँट ढिली आणि पट्टा पिशवीवर दाबतो, म्हणून खांद्यांवरून गॅलिस लावून दुकानात गेलो. ध्यान दिसत होतो! सकाळी केळं, मग अंडं. दुपारचा डबा पुसून खाल्ला. चावून चावून जबडा दुखला.

१९ एप्रिल

साहेब कोट न्यायला आले. म्हटलं, साहेब, त्या दिवशी मांजर नव्हतं. ते म्हणाले, "ठाऊक आहे. इथे मांजराला बसायला जागा कुठे आहे?"

कोट मात्र झकास बसला.

६ मे

वजन भरलं! पुढच्या महिन्यात जोडणी. पँट आता पट्ट्याशिवायच कमरेला बसते, गॅलिस खुंटीला.

त्या आनंदात हिला न सांगता तिच्यासाठी ड्रेसचं कापड बेतलं. माप कशाला घ्यायचं? मला पाठ आहे.

११ मे

ड्रेस हिला घालायला लावला. खांदे दंडावर उतरले. कमरेत माझी अख्खी मूठ गेली. माझं माप चुकलं? माझं?

हिचा रोजचा ड्रेस खुर्चीवर होता. उलटा केला. आत दुमडलेलं कापड, हाताने घातलेले टाके, माझ्याच रिळातला दोरा.

ही म्हणाली, "गल्लीतलं कुत्रं डब्यामागे घरापर्यंत यायचं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोलले असते तर तुम्ही संध्याकाळचंही टाकलं असतं. पण मलाही घास उतरेना."

१२ मे

आज ताटं मी वाढली. तिचं आधी. समोर बसलो आणि ती जेवेपर्यंत बघत राहिलो.