मल्हारीच्या मेंढवाड्यात मंजूर झालेली अभ्यासिका

धावडा, ता. भोकरदन, जि. जालना
दि. १२ मे

प्रिय संघपालराव यांस,
तुमच्या दाजींचा सप्रेम जयभीम.

सौ. दीपमालाताई आणि मुलं खुशाल असतील. सोनूआईंच्या गुडघ्यांना मुंबईची हवा मानवते की नाही ते कळवावं. इकडे असताना त्या रोज विहारापर्यंत चालत जायच्या, तिकडे लिफ्ट असल्यामुळे चालायला काही कारणच उरलं नसेल. तुमच्या पित्ताची तुमच्या ताईंना फार काळजी लागून राहिली आहे (मला तितकी नाही, कारण पित्त हे सरकारी नोकरीत बढतीबरोबरच येतं असं माझं निरीक्षण आहे). डॉक्टरांनी तुमचा चहा बंद केल्याचं कळलं. चहा बंद झाल्यावर तुमच्या मंत्रालयातल्या कचेरीत दिवसभर नेमकं काय चालतं, हे फोनवर विचारायचं राहून गेलं. इकडे आम्ही ठीक आहोत. जे ठीक नाही ते पुढे येईलच.

हे पत्र लिहायला कारण तुमचंच एक वाक्य झालं. आष्टीला बुद्धभूषणच्या लग्नात आपण पंगतीत शेजारी बसलो होतो, आठवत असेल. मी सहज विचारलं की सरकारचा पैसा गावापर्यंत येतो तरी कसा, आणि तुम्ही हातातला घास खाली ठेवून मला पत्रावळीवरच शिकवायला घेतलं. भाताचा ढीग म्हणजे दिल्ली. त्यात बोटाने पाडलेलं आळं म्हणजे मुंबई. आधी गावाने मागणी करायची, मग ती जिल्ह्याच्या आराखड्यात बसायची, मग अर्थसंकल्पात तिच्या नावाची ओळ यायची, मग मान्यता, आणि सर्वांत शेवटी वितरण. असं म्हणून तुम्ही वरण ओतलंत. ते आळ्यात थांबलं, थोडं पापडाखाली गेलं, आणि ज्या कोपऱ्याला तुम्ही धावडा म्हणाला होता तो कोपरा कोरडाच राहिला. त्यावर तुम्ही जरासुद्धा न लाजता म्हणालात की दाजी, शासनाकडे पैसा कमी नाही, तुम्हा लोकांना मागता येत नाही. ते वाक्य मला जिलबीबरोबर गिळावं लागलं. एकतीस वर्षं मी शाळेत खडूसुद्धा स्वतःच्या पैशाने आणला, पण कुणाकडे हात पसरला नाही. तेव्हा मागता येत नाही हे खरंच होतं, आणि म्हटलं, निवृत्तीनंतर एखादी विद्या शिकावी.

मागायचं काय, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. विहारामागच्या गावठाणाच्या जागेवर आम्ही पोरांसाठी अभ्यासिका बांधायला काढली होती, हे तुम्हाला माहीत आहे (तुमच्या वर्गणीची आठवण मी करून देत नाही, ती तुमची तुम्हाला असेलच). वस्तीने विटा दिल्या, धनगरांच्या घरांनी दगड वाहिले, तातेरावच्या ट्रॅक्टरने वाळू आली, राधेश्याम मिस्त्रीने निम्म्या मजुरीत चार भिंती उभ्या केल्या आणि छताशी येऊन सगळ्यांचेच खिसे संपले. तरी अकरा पोरं त्या बिनछताच्या भिंतींत बसून अभ्यास करत होती. त्यांत सगळ्यांत हुशार मोनिका, आपल्या मल्हारी धनगराची मुलगी. तलाठ्याची परीक्षा देते आहे आणि मागच्या खेपेला तीन मार्कांनी हुकली. मल्हारीच्या घरात दोन खोल्या आणि नऊ माणसं, भोकरदनला खोली करून ठेवायची त्याची ऐपत नाही. त्याने सरळ सांगून टाकलं होतं, "गुरुजी, पुढल्या सालच्या दिवाळीपर्यंत छत झालं तर पोरगी शिकंल. न्हाई तर तुळशीचं लगीन लागलं की तिचं लावून देतो. माझ्याजवळ ठेवायला जागा न्हाई." तर एका छतावर एका पोरीचं सगळं अडलं होतं, आणि छताला म्हणून मी अर्ज घेऊन निघालो.

जालन्याच्या एका कचेरीत गेलो (नाव लिहीत नाही, मला पुन्हा तिथेच जायचं आहे). तिथल्या बाबूंनी अर्ज वाचला आणि त्यांना माझी कीव आली. ते म्हणाले, छत असं काही लेखाशीर्षच नाही. लेखाशीर्ष म्हणजे पैशाच्या कपाळावर आधीच लिहिलेलं नाव, तो पैसा दुसऱ्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही. एक पैसा आहे नवीन बांधकामाचा, पण आमच्या भिंती उभ्या असल्यामुळे ते काम नवीन नव्हे. दुसरा पैसा आहे दुरुस्तीचा, पण दुरुस्त व्हायला इमारत आधी पुरी व्हावी लागते, मग जुनी व्हावी लागते, मग पडायला यावी लागते. मी विचारलं की आमची इमारत पुरी होण्याआधीच पडली तर? तर ते म्हणाले, ते आपत्तीत बसेल, पण आपत्तीचं टेबल वेगळं. अर्धवट कामाला मात्र कुठलंच टेबल नाही. म्हणजे आम्ही काहीच केलं नसतं तर पात्र होतो, स्वतः हातपाय हलवले हीच आमची चूक. ही गोष्ट तुम्ही पत्रावळीवर दाखवली नव्हती.

बाबू मनाने चांगले होते. त्यांनी तोड सांगितली की मोकळ्या जागेचा फोटो जोडा आणि अख्खी नवीन अभ्यासिका मागा, छत त्यातच येतं. सहा लाखांची. मला हवे होते सत्तर हजार. पण सत्तर हजार मागणारा माणूस त्यांना संशयित वाटतो असं दिसलं. फोटो असा हवा की ज्यात जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. आता आमच्या भिंतींचा फोटो मोकळी जागा म्हणून काढता येईना, म्हणून मी ओढा उतरून शंभर पावलांवर मल्हारीच्या मेंढवाड्यात गेलो. मेंढरं चरायला गेली होती, कुंपणाचे दगड चौकटीत येणार नाहीत असा उभा राहिलो आणि फोटो काढला. जमीन ती जमीन, कोण बघतो, असा विचार केला. भूगोल मीच शिकवत होतो, तरीही केला.

आठ महिन्यांनी मान्यतेचा कागद आला. गोल शिक्का, तीन सह्या, सहा लाख अंकी आणि अक्षरी. गावाने पेढे वाटले आणि मंजूर म्हणजे मिळालेच असा अर्थ लोकांनी घेतला. मग गोरक्षनाथ नावाचे तरुण अभियंता जागा आखायला आले. हातात मोबाईल, नजर मोबाईलमध्ये. आमच्या भिंतींजवळून गेले, भिंतींकडे बघितलंही नाही, ओढा उतरले, आणि मेंढवाड्याच्या मधोमध लेंड्यांत उभे राहून म्हणाले, काम इथे. मी त्यांना परोपरीने सांगितलं की साहेब, भिंती वर आहेत. ते नम्रपणे म्हणाले की असतील, पण त्या कागदावर नाहीत. सहा आकडी दशांशापर्यंत मंजुरी आहे, मी पाच पावलंसुद्धा सरकवू शकत नाही. मी म्हटलं, ही तर मेंढरांची जागा आहे. त्यांनी वहीत बघून सांगितलं की मेंढरांचाही कुठे उल्लेख नाही.

यापुढे जे झालं ते सरकारने केलं नाही, म्हणून ते लवकर झालं. मल्हारीने सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मंग त्यात काय हाय? पोरं खाली बसतील, मेंढरं वर. त्या भिंतीला छत न्हाई, मेंढरांना कशाला पायजे छत?" सरकारी कामाला जागा ग्रामपंचायतीच्या नावावर लागते असं गोरक्षनाथ म्हणाले, तर त्याने मेंढवाड्याचे दोन गुंठे बक्षीसपत्र करून देऊन टाकले. अंगठा उठवून त्याने बोट धोतराला पुसलं आणि मेंढरांकडे निघून गेला (साक्षीदार म्हणून खाली मी सही केली). आज्याच्या वेळेपासूनचं दगडी कुंपण त्याने आणि त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने, चार दिवसांत उपसून काढलं आणि मेंढरं आमच्या अभ्यासिकेत नेऊन घातली. दाराच्या वरच्या बाजूला राधेश्यामने हौसेने 'ज्ञानसाधना' असं सिमेंटमध्ये कोरलेलं आहे. तिच्याखालून रोज संध्याकाळी पासष्ट मेंढरं आत जातात.

आता फक्त पैसे यायचे होते. तेव्हा कळलं की सहा लाखांतले साठ टक्के दिल्लीचे आणि चाळीस टक्के राज्याचे. दिल्लीचे आले की राज्याचे सुटतात, आणि राज्याने आधीच्या वर्षीचा हिशोब दिला की दिल्लीचे येतात. आधीच्या वर्षी पैसे आलेच नव्हते, म्हणून खर्च नव्हता, म्हणून हिशोब नव्हता, म्हणून पैसे नव्हते. मी अकरा हेलपाटे घातले. जालन्याच्या मस्तगडात एका हॉटेलवाल्याने मला ओळखायला सुरुवात केली आणि न सांगता भजी पुढे ठेवू लागला. अखेर कुणीतरी कुठेतरी कोऱ्या खर्चाचा कोरा हिशोब दिला आणि एकोणतीस मार्चला संध्याकाळी पैसे संगणकावर उमटले. ते एकतीस मार्चच्या आत खर्च करायचे होते. मधला एक दिवस सुट्टी, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या जिल्ह्याची बिलं एकाच वेळी घुसल्यामुळे संगणक बसला. बारा वाजले आणि पैसे आले तसे परत गेले. सहा लाख रुपये आमच्या नावाने सव्वादोन दिवस या जगात होते, आणि तेवढ्या वेळात त्यांना मुंबईहून निघायलाही जमलं नाही. वर्षभर ज्यांना घाई नसते त्यांना शेवटच्या तीन दिवसांत कसली घाई सुटते, हे एकदा मला पत्रावळीवर समजावून सांगा.

आता पोरांना भिंतीही नाहीत. शाळेच्या ओट्यावर बसतात, ऊन फिरलं की तीही फिरतात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही म्हणाला होतात की आम्हाला मागता येत नाही, तर विद्यार्थ्याने काय प्रगती केली ते गुरूला कळवणं भाग होतं. मी यापुढे कुणाकडे काहीही मागणार नाही. ओळखी काढून, नातेवाइकांच्या खुर्च्यांना लोंबकळून कामं करून घेणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत, आणि या वयात मी ती सवय लावून घेणार नाही, याबद्दल निश्चिंत असावं. सोनूआईंना माझा आणि ताईंचा जयभीम सांगावा.

तुमचा,
राजानंद

ता. क. १. — ताईंनी सोबत ज्वारीच्या पापड्या आणि जवसाची चटणी पाठवली आहे. ती घरी खाण्यासाठी आहे. कचेरीत वाटली तरी हरकत नाही, विशेषतः जे गृहस्थ पुरवणी मागण्यांचं टेबल बघतात त्यांना जवस पचत असेल तर.

ता. क. २. — पुरवणी मागण्यांचं निघालंच आहे म्हणून लिहितो. आलेले आणि परत गेलेले पैसे पावसाळी अधिवेशनात पुन्हा मागता येतात, असं भज्यांच्या हॉटेलात एका माणसाने सांगितलं. यादी जूनमध्ये बनते म्हणे, आणि एक ओळ घालायला दोन मिनिटं लागतात. मान्यतेच्या कागदाची प्रत पापड्यांच्या डब्यात तळाशी ठेवली आहे, तेलाचा डाग शिक्क्यावर पडलेला नाही. वर मी जे काही मानीपणाचं लिहिलं आहे ते तसंच राहू द्या, पण ही ओळ घाला. मागायची माझी ही पद्धत चुकीची असेल, तर बरोबर पद्धत कोणती ते नंतर सांगा, आधी ओळ घाला.

ता. क. ३. — हे ताईंनाही सांगितलेलं नाही. मंजूर म्हणजे मिळालेच असा अर्थ लोकांनी घेतला, असं मी वर लिहिलं. तो अर्थ मी सांगितला होता. मल्हारीला वाचता येत नाही. त्याने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "गुरुजी, मंग मी कुंपण काढू का?" मी काढ म्हणालो. पैसे परत गेले हे त्याला अजून माहीत नाही. सहा आठवडे झाले, रोज सकाळी मेंढरं सोडताना तो मला विचारतो, "इटा कधी येऊन राह्यल्या गुरुजी?" पहिल्या दिवशी खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याच्यामागे मोनिका पुस्तक घेऊन उभी होती. मी म्हणालो, फाईल वर गेली आहे. तो बरं म्हणाला आणि मेंढरांमागे गेला. तेव्हापासून मी रोज त्याला हेच सांगतो, आणि तो रोज बरं म्हणतो. तुम्हाला हे दिवसातून किती जणांना सांगावं लागतं, आणि त्यानंतर घरी जाऊन जेवण कसं जातं, तेवढं मात्र उलट टपाली कळवावं.