आजीचा गुलाब आणि मार्च १९४७

एर्बाख, १२ ऑक्टोबर

प्रिय गेर्लिंडताई,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? यंदा सफरचंदाची वाइन फार आंबू देऊ नका. गेल्या वर्षीच्या बाटलीने माझं एक भाषण निम्म्यावर थांबवलं. (श्रोत्यांनी तुमचे आभार मानले होते, ते कळवायचं राहिलं.)

आमच्याकडे मात्र गोंधळ आहे. वाल्बुर्गामावशीला दोन्ही कानांसाठी चांगली श्रवणयंत्रं हवीत, आणि त्यासाठी आजीचा हस्तिदंती गुलाब विकायचा आहे. तोच, आजी दर रविवारी गळ्याशी लावायची तो. तीस वर्षं मी गावोगावी ओरडत आलो की हस्तिदंत हत्तीच्याच तोंडात शोभतो, आणि विक्रीचा अर्ज भरायला तिला मीच सापडलो. मी तत्त्वाचा प्रश्न काढला तर म्हणाली, "तुझी तत्त्वं मला ऐकू येत नाहीत, म्हणून तर यंत्र हवंय."

खरं सांगायचं तर त्या गुलाबापुढे माझीही जीभ लुळी पडते. आमच्या आजोबांच्या कोरीवकामाच्या खोलीतला वास आठवतो ना? दंतवैद्य दाढ कोरतो तेव्हा येतो तसा. हस्तिदंत कोरणाऱ्या आपल्या गावातल्या निम्म्या घरांना तो वास होता, आणि दाराशी तो आला की आपल्याला घरी पोचल्यासारखं वाटायचं. चर्चमध्ये मी आजीच्या खांद्याशी पेंगायचो आणि उठताना गालावर पाकळ्यांचा ठसा असायचा. हत्तींसाठी भांडताना मी हा ठसा नेहमी गाळत आलो.

तर कायदा असा, की मार्च १९४७ च्या आधी घडवलेला हस्तिदंत दाखला घेऊन विकता येतो, नंतरचा नाही. कचेरीतल्या बाईंनी साल विचारताच मावशी अभिमानाने म्हणाली, १९४८. (आजोबा रशियातल्या युद्धकैदेतून सुटून आले, आजी पहिल्यांदा दिसली, आणि महिन्याभरात त्यांनी गुलाब कोरून मागणी घातली. आमच्या घरी या कथेचं स्थान बायबलच्या जरासं खाली.) बाईंनी लेखणी ठेवली आणि फार हळुवारपणे विचारलं, हे प्रेम दीडएक वर्ष आधी जमलं असेल का. मावशीला ऐकू जाईना, म्हणून तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. मावशी उसळली. आधी म्हणजे कुणाशी? कायद्याच्या सोयीसाठी माझ्या बापाला दुसरी बाई जोडता का?

शेवटी आम्ही झाइप मास्तरांकडे गेलो. ते नव्वदीचे, फिलिपआजोबांच्या हाताखाली कोरायला शिकलेले. भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या, म्हणजे हाड नव्हे, हस्तिदंतच. मग त्यांनी गुलाब उलटा केला. मागच्या टाचणीवर ल्योफ सोनारांचा ठसा होता, आणि ल्योफांचं दुकान १९३९ साली बंद झालं. शिवाय पाकळ्या कागदासारख्या पातळ. "पाकळी फिलिपचीच आहे, वाल्बुर्गा," ते मोठ्याने म्हणाले, "पण दहाही बोटं असतानाची." आजोबांची दोन बोटं रशियातल्या थंडीत गेली, हे तुम्ही जाणताच.

गुलाब कायदेशीर ठरला आणि घरची कथा बेकायदा. घरी परतताना मावशी म्हणाली, "आई कोरीवकाम करणाऱ्यांच्याच घरातली. तिला दहा बोटांची पाकळी ओळखता येत नसेल?" आणि ती कथा आम्हाला सांगायची, तीही आजीच.

तुमचा,
लोरेन्झ

ता. क. अर्ज फाडला. मावशी म्हणते, ऐकायचं होतं ते ऐकून झालं, आता यंत्र कशाला.

ता. क. २. आता पत्राचं खरं कारण. तुमच्या आजी ओटिली यांच्या कानांतली हस्तिदंती फुलं कुणी दिली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हणे. त्या फुलांच्या मागे ल्योफांचा ठसा आहे का पाहा. असला तर गुलाब तुमच्याकडे द्यायचा, असं मावशीने ठरवलंय. भेट द्यायला कायद्याची आडकाठी नाही, मी विचारून आलो. आणि नसला, तरी आहे म्हणूनच कळवा. तिने डबी बांधून दाराजवळ ठेवली आहे.